बायकांनी पाहिलेली बाई : बेळगावच्या मुलींना कुणाची कामं दाखवू?

शहापूरची_लेक
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या भागातल्या वाचनालयात मुलींसाठी दीड तासाचा कार्यक्रम घ्यायचं ठरलंय. येणाऱ्या बहुतेक जणी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, ड्रॉइंगची लोअर-हायर परीक्षा दिलेल्या. दोघी-तिघी पुढे फाइन आर्टला जायचं म्हणतायत.

बेळगावात चित्रकलेला तोटा कधीच नव्हता. के. बी. कुलकर्णींनी इथे विद्यार्थी घडवले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखालचे. निसर्गचित्र, व्यक्तिचित्र यात आपला हात कुणी धरणार नाही. पण आपल्याकडच्या प्रदर्शनांत बाई दिसते ती डोक्यावर घागर घेतलेली, नाहीतर खिडकीत वाट बघत बसलेली, आणि बहुतेक वेळा ती पुरुषाने काढलेली असते. बाई म्हणून वाढताना अंगावर काय काय चढवलं जातं, काय काढून घेतलं जातं, हे बाईनेच कागदावर आणलेलं या मुलींनी पाहिलेलंच नाही. मला ते दाखवायचंय.

पाच-सहा नावं सुचवा. प्रत्येकीचं एखादंच काम, आणि ते का दाखवायचं तेही सांगा. चित्रकार अमृता शेर-गिलवर थांबायचं नाही, एवढी एकच अट. हयात असलेल्या, शक्यतो कर्नाटक-महाराष्ट्राशी नातं असलेल्या बायका असतील तर फारच छान.

खानापूरकर
थांबू नका, पण तिला वगळूही नका. १९३५ मधलं 'तीन मुली' दाखवाच. तिघी शेजारी शेजारी बसल्यात, एकमेकींकडे बघत नाहीत, आपल्याकडेही नाही. लग्न ठरण्याच्या वयातल्या मुलींचे असे चेहरे आपण घराघरात पाहतो. दोन मिनिटं पुरेत, मग खुशाल पुढे जा.

मिरज_लाईन
ताई, पहिलं नाव पुष्पमाला एन. बंगळूरच्या. मुळात शिल्पकार, बडोद्याला शिकल्या, पुढे स्वतःलाच सजवून फोटो काढून घ्यायला लागल्या. ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये त्यांनी दक्षिण भारतातल्या 'देशी बायकां'ची फोटोमालिका केली. त्यात कॅलेंडरवरची रविवर्मा छापाची लक्ष्मी आहे, वेलंकणीची माता आहे, वर्तमानपत्रातल्या पोलिसी फोटोत उभ्या केलेल्या चोर बायका आहेत, सिनेमातली चाबूक उगारलेली नायिका आहे. सगळ्या भूमिकांत त्या स्वतः.

लक्ष्मीचा फोटो मुलींना नीट दाखवा. कमळ, हत्ती, दागिने, मागे रंगवलेला पडदा, सगळं जिथल्या तिथे. आपल्या देव्हाऱ्याजवळ जी तसबीर आहे तीच. फक्त चेहरा एका खऱ्या, वयाने मोठ्या बाईचा, आणि ती कॅमेऱ्याकडे बघतेय. तेवढ्यानं लक्षात येतं की देवीचं हे रूपही कुणीतरी ठरवून, उभं करून, नेसवून काढलेलं आहे. आपल्या मनातली आदर्श सून रविवर्म्याच्या छापखान्यातून किती आली हे त्या फोटोपुढे मला पहिल्यांदा कळलं.

आणि आपल्या भागाचा धागाही आहे. त्याच मालिकेत विजापूरच्या जुन्या लघुचित्रातली योगिनी आहे. आदिलशाहीत काढलेली योगिनी चारशे वर्षांनी बंगळूरची एक बाई पुन्हा उभी करते. विजापूर आपल्यापासून किती लांब आहे सांगा.

सुलभा_अनगोळ
विजापूरची ती मैनावाली योगिनी ना? ते मूळ चित्र आता डब्लिनला, चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. गोल घुमट बघायला शाळेच्या सहली जातात, पण हे चित्र विजापूरचं आहे हे कुणी सांगत नाही. दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.

कॅम्पातला_मास्तर
माझा सूर थोडा वेगळा आहे, रागावू नये. चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. कागदापुढे मुलगा बसलाय की मुलगी हे मी कधी बघितलं नाही. रेघ बरोबर की चूक, रंग स्वच्छ की गढूळ, एवढंच बघितलं. 'बायकांची कला' असा वेगळा कप्पा केलात तर मुलींना वाटेल आपल्याला हाच विषय नेमून दिलाय. आधी हात बसू दे. विषय आपोआप येईल.

शहापूरची_लेक
मास्तर, तुमच्यासारख्या शिक्षकांनी मुलींना कधी कमी लेखलं नाही, हे शंभर टक्के खरं. पण हात बसायला वेळ लागतो आणि तो वेळच मुलींना मिळत नाही. हायरला पहिली आलेली मुलगी तीन वर्षांनी भेटते तेव्हा ती फक्त हळदीकुंकवाच्या रांगोळ्या काढत असते. तिची रेघ चुकलेली नसते.

शिवाय रेघ बघणारे डोळेही कुणाचे तरी असतात. न्यूयॉर्कला गोरिलाचे मुखवटे घालून फिरणाऱ्या 'गोरिला गर्ल्स'नी १९८९ मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची मोजदाद करून पोस्टर काढलं. आधुनिक कलेच्या दालनांत बाई कलाकार ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांतल्या बायका ८५ टक्के. भिंतीवर यायचं तर कपडे उतरवूनच यावं लागतं काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. तिथे कुणी 'आम्ही बाई-पुरुष बघतो' असं म्हणत नव्हतं. रेघच बघतो म्हणत होते.

निपाणीचा_गडी
मास्तर आणि ताई एकाच धाग्यावर! मी कुंद्याचा डबा उघडून बसलोय, चालू द्या.

पूर्णा_एक्सप्रेस
गोरिला गर्ल्स २०१८ च्या कोची बिएनालेला, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाला, आल्या होत्या. त्या वर्षी क्युरेटर, म्हणजे कलाकार निवडणाऱ्या, अनिता दुबे, तिथल्या पहिल्याच बाई क्युरेटर, आणि निवडलेल्या कलाकारांत निम्म्याहून जास्त बायका. मी बेळगावातून रेल्वेनं गेले होते. माझं नाव बघून कुठली गाडी ते कळलंच असेल. कोचीत मासे विकत घ्यायला निघालेल्या बायका वाटेत पिशवी घेऊन आत डोकावून जात होत्या. आपल्याकडे असं जुन्या गोदामात, बाजारात काही व्हावं असं फार वाटतं. रविवार पेठेत जागा काय कमी आहेत?

सुईदोरा
उशिरा येतेय, पण सविस्तर लिहिते, कारण या बाईचं काम बघून माझी स्वतःच्या हातांकडे बघायची नजर बदलली.

शीला गौडा. जन्म १९५७, भद्रावती. सुरुवातीला तैलरंगात चित्रं काढायच्या, नव्वदच्या दशकात ते सोडून शेणाकडे वळल्या. होय, आपलं गाईचं शेण. आमच्या गावात सकाळी सारवण आणि दुपारी शेणी थापणं हे बाईचंच काम. परड्यातल्या भिंतीवर शेणींच्या रांगा, प्रत्येकीवर पाच बोटं उमटलेली. ते हात कुणाचे हे कुणी विचारत नाही. या बाईनं तेच शेण गॅलरीत नेलं.

मग १९९८ च्या सुमाराचं एक काम आहे, 'अँड टेल हिम ऑफ माय पेन'. एकेका सुईत लांबच लांब दोरा ओवायचा, असे पुष्कळ दोरे एकत्र करायचे, डिंक आणि कुंकू चोळून त्यांचा लालभडक दोर करायचा. तो दोर भिंतीवरून लोंबतो, जमिनीवर वेटोळी घालतो. लांबून आतडी वाटतात. जवळ गेलं की टोकाला सुयांचा झुबका दिसतो, सगळ्या एका गठ्ठ्यात, टोकं बाहेर. कुंकू, सुई, दोरा. बाईच्या सौभाग्याचं आणि सोशिकपणाचं सगळं सामान तिथं आहे, आणि हात लावलात तर टोचेल.

मी कसूती करते. आजीकडून शिकले. गवंती, मुरगी, नेगी, मेंती हे चार टाके. कापडावर छाप काढायचा नाही, ताणा-बाणा मोजत जायचं आणि गाठ मारायची नाही. गवंतीत एक टाका घ्यायचा, एक सोडायचा, शेवटाला गेलं की त्याच वाटेनं परत फिरून सोडलेली घरं भरायची, म्हणजे सुलट आणि उलट सारखीच दिसते. काळ्या चंद्रकळेवर गोपुरं, तुळशी वृंदावन, पाळणा, हत्ती. एका साडीत महिने जातात, डोळे जातात. गिऱ्हाईक विचारतं, "मशीनची हाय काय ओ?" आणि करणारीचं नाव साडीवर कुठंच नसतं. शीला गौडांचा तो दोर बघितल्यावर मी नव्या तुकड्याच्या कोपऱ्यात माझं आद्याक्षर भरायला सुरुवात केली, मेंतीच्या टाक्यात.

मुलींना हे काम नक्की दाखवा. प्रत्येकीच्या घरात त्याचं सामान आहे.

हलगेकर
सुईदोरा अक्का, एक नंबर. तुमच्या कसूतीचे फोटो टाका की.

नुसतीच_रेघ
सुईदोरा यांचा प्रतिसाद आवडला, तरीही एक हरकत नोंदवते. शेण, कुंकू, सुई, दोरा. आपण पुन्हा बाईला परड्यात आणि स्वयंपाकघरातच नेऊन बसवत नाही ना? नसरीन मोहमदी दाखवा. जन्म १९३७, बडोद्याला शिकवायच्या, १९९० मध्ये गेल्या. नुसत्या पेन्सिल-शाईच्या रेघा. बाई नाही, घर नाही, कुंकू नाही. शेवटी शेवटी आजारपणाने हात साथ देत नव्हते तरी त्या केसाइतक्या बारीक रेघा सरळ गेल्यात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर हे संग्रहालय उघडलं तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं काम होतं. बाईपणावर एक अक्षर न बोलण्याचा हक्कही बाई कलाकाराला आहे. हे त्या मुलींना कुणीतरी सांगायला हवं.

कॅम्पातला_मास्तर
बरोबर! मी हेच म्हणत होतो. नसरीनबाईंच्या रेघेपुढे मी टोपी काढतो.

सुईदोरा
@नुसतीच_रेघ, दोन्ही दाखवू. पण कसूती करताना मीही दिवसभर सरळ रेघाच मोजते हो. परड्यात बसून केली म्हणून ती रेघ कमी होत नाही.

संकेश्वरी_मिरची
व्यवहाराचं बोलू का? नग्नचित्रांचं काय करणार? एकीनं घरी जाऊन सांगितलं की संध्याकाळपर्यंत चार आया वाचनालयात. कार्यक्रम बंद पडला तर पुढचे सगळेच बंद. माझ्या मुलीच्या वेळी असं झालेलं आहे, म्हणून सांगते.

बदामी_वारी
त्या आयांना आधी बदामीला न्या. तिथल्या संग्रहालयात लज्जागौरी आहे, नागनाथकोळ्ळ इथं सापडलेली. डोक्याच्या जागी उमललेलं कमळ, दोन्ही पाय फाकवलेले, अंगावर वस्त्र नाही. आपल्या पूर्वजांनी तिच्यापुढे पोरंबाळं आणि पीकपाणी मागितलं. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि तिचं नातं थेट रेणुका-यल्लम्मेशी जोडून दाखवलं. ज्या भागात यल्लम्मेचा उदोउदो होतो तिथं बाईच्या देहाची लाज परदेशातून आलेल्या चित्रांमुळे वाटतेय असं कुणी म्हणू नये.

मात्र फरक आहे. लज्जागौरी पूजेची, गॅलरीतली नग्निका बघ्यांची. तीच कुडी, पण कोण बघतंय आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून. मुलींशी एवढं बोलता आलं तरी दीड तास सार्थकी लागला.

संकेश्वरी_मिरची
तुमचं पटतं हो. पण आया बदामीला जाणार नाहीत, वाचनालयात येतील. अंगभर कपडे असलेलं निवडा, विषय तोच पोचतो. पहिल्याच वेळी दार बंद व्हायला नको.

देगावचा_पाहुणा
बदामीचा विषय निघालाच आहे तर कित्तूरजवळ देगावचं कमलनारायण मंदिर बघून घ्या. बाराव्या शतकात कदंब राणी कमलादेवीनं बांधवून घेतलं, तिच्याच नावानं ओळखलं जातं. बांधवून घेणारी बाई आहे ही आठवण राहिलेलं आपल्या भागातलं असं दुसरं मंदिर माझ्या डोळ्यापुढे येत नाही. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

सौंदत्ती_रोड
यल्लम्मेचं नाव निघालं म्हणून लिहितो. 'बाई' म्हणताना आपण कुणाला धरतो? आमच्या रस्त्यावरून पौर्णिमेला यल्लम्मेला वाहिलेल्या जोगती जातात तसे जोगप्पाही, म्हणजे तिचे पारलिंगी भक्त, जातात. अंगावर साडी, डोक्यावर परडी, कपाळभर भंडारा. मंजम्मा जोगती यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. पारलिंगी बाई आणि जोगती नृत्याची कलावंत. आपल्या यादीत कलावंत म्हणून त्यांचं नाव हवं. दयेचा विषय म्हणून नको.

बंगळूरचा 'अरवानी आर्ट प्रोजेक्ट' हा २०१६ पासूनचा गट. पारलिंगी आणि इतर बायका मिळून शहरातल्या भिंती रंगवतात. २०२४ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत त्यांचं भित्तिचित्र होतं. भिंतीवर कुणाचा चेहरा किती मोठा काढायचा हे ठरवणारेही तेच लोक, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण सौंदत्तीला यात्रेच्या दिवसांत भले मोठे कॅमेरे घेऊन लोक येतात. जोगतीच्या जटेचा, सुरकुत्यांचा फोटो काढतात आणि निघून जातात. तिला तो फोटो कधी दिसत नाही. देवदासी प्रथा बंद करण्याचा कायदा १९८२ चा, पण बघण्याची ही रीत चालूच आहे.

मिरज_लाईन
@सौंदत्ती_रोड, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर दिल्लीच्या शीबा छाछी यांचं काम अगदी चपखल आहे. ऐंशीच्या दशकात त्या हुंडाविरोधी मोर्च्यांत होत्या आणि फोटोही काढत होत्या. घोषणा देणारी, मूठ आवळलेली बाई. पुढे त्यांना वाटलं, या एवढ्याच का? मग त्यांनी चळवळीतल्या सात जणींना सांगितलं, कुठं बसायचं, काय नेसायचं, शेजारी काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. कुणी पुस्तकं ठेवली, कुणी घरातल्या वस्तू मांडल्या. फोटो निघाला तो दोघींनी मिळून काढलेला. मुलींना हे घरी करताही येईल. आईला विचारायचं, तुझा फोटो तुला कसा हवाय?

निपाणीचा_गडी
हे झकास. माझी आई विड्या वळायची. तिला विचारलं असतं तर तिनं सूप बाजूला सारून इरकली नेसून बसेन म्हटलं असतं, हे नक्की. आणि आम्ही मात्र तिला सूप मांडीवर घेतलेलीच काढली असती.

भीमनगर
आतापर्यंतच्या यादीत जात कुठं आहे? कसूती कोण करतं, शेण कोण उचलतं, देवाला कुणाच्या मुली सोडल्या, हे न बोलता बाईपणावर बोललं तर अर्धंच होईल. पुण्याच्या राज्यश्री गुडी दाखवा. दलित आत्मकथनांत अन्नाचे, भुकेचे जे उल्लेख येतात त्यांच्या त्या पाककृती करतात, मातीच्या वस्तू घडवतात. खानापूरला कुंभारकामाचं केंद्र आहे, मातीचं काम मुलींनी बघितलेलं असतं. काय शिजवलं, कुणाच्या उरलेल्यातून शिजवलं, हा बाईच्या आयुष्याचाच इतिहास आहे. शेर-गिलला दोन मिनिटं देणार असाल तर इथं दहा द्या.

शहापूरची_लेक
@भीमनगर, दहा मिनिटं दिली. हे नाव माझ्या यादीत नव्हतं, मनापासून आभार.

कॅम्पातला_मास्तर
मीही एक नाव सुचवतो. नीलिमा शेख, 'व्हेन चंपा ग्र्यू अप', १९८४. कागदावर टेम्पेरात केलेली बारा लहान चित्रं, लघुचित्रांच्या धाटणीची. त्यांच्या माहितीतली एक मुलगी, लहान वयात लग्न झालं आणि हुंड्यापायी मारली गेली. पहिल्या चित्रात ती सायकलवर आहे. मग झोका, मग लग्न, मग सासरचं स्वयंपाकघर. जागा आक्रसत जाते बघा, सुरुवातीला कागदावर मोकळं आकाश आणि शेवटी चार माणसं आणि एक कोपरा. किंचाळणारं एकही चित्र नाही. हातात धरून बघावीत एवढी लहान, पण रचना काय पक्की! शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही.

संकेश्वरी_मिरची
मास्तर, शेवटचं जाळण्याचं चित्र सोळा वर्षांच्या मुलींपुढे ठेवायचं?

कॅम्पातला_मास्तर
ठेवायचं. त्यांच्याच वयाची होती ती. फक्त बाराही चित्रं क्रमानं आणि सावकाश दाखवा, शेवटचंच नको.

खानापूरकर
याच नीलिमा शेख, शिवाय नलिनी मलानी, अर्पिता सिंह आणि माधवी पारेख, अशा चौघींनी मिळून १९८७ ते ८९ दरम्यान देशात प्रदर्शन फिरवलं. मलानींनी न्यूयॉर्कला बायकांनी बायकांसाठी चालवलेली गॅलरी पाहिली होती, त्यावरून ही कल्पना. जे. जे.त शिकलेल्या मलानी पुढे पारदर्शक नळकांड्यांवर उलट्या बाजूनं चित्रं रंगवून त्यातून प्रकाश सोडायला लागल्या. नळकांडी फिरते आणि भिंतभर सावल्या धावतात. आपल्या तोगलु गोंबेयाटाचीच, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावली-खेळाचीच तऱ्हा, पण त्यात सीता आणि ग्रीक कथेतली मिडिया एकत्र भेटतात. व्हिडिओ दाखवणार असाल तर हॉलमध्ये पूर्ण अंधार हवा.

शहापूरची_लेक
सगळं वाचून असं ठरवतेय. शेर-गिलचं एक चित्र. मग चंपा, बाराच्या बारा. पुष्पमालांची लक्ष्मी आणि विजापूरची योगिनी. शीला गौडांचा दोर. राज्यश्री गुडी. अरवानीची भिंत आणि मंजम्मांच्या नृत्याची छोटी चित्रफीत. शेवटी नसरीन मोहमदींच्या रेघा, कारण नुसतीच_रेघ यांचं म्हणणं मला आधी पटलं नव्हतं, आता पटतंय. मलानी पुढच्या वेळी, खिडक्यांना पडदे मिळाले की. शीबा छाछींचं काम गृहपाठ म्हणून देणार.

सुईदोरा अक्का, तुम्ही याल का? अर्धा तास तुमचा. कसूतीचा तुकडा मुलींच्या हातात देऊन उलटसुलट दाखवायला कुणीतरी करणारीच हवी. येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ, मानधनही देऊ, फुकट बोलावत नाही.

सुईदोरा
येते की! मानधनाचं स्वतःहून बोललात, बरं वाटलं. प्रत्येकीसाठी मॅटीचा, म्हणजे जाड विणीच्या कापडाचा तुकडा आणि सुई आणते, बारीक सुती कापडावर पहिल्याच दिवशी ताणे मोजता येत नाहीत. किती जणी येणार ते आठवडाभर आधी कळवा.

कॅम्पातला_मास्तर
चंपाच्या चित्रांच्या चांगल्या छपाईचा कॅटलॉग माझ्याकडे आहे. प्रोजेक्टरवर रंग मारले जातात, त्यापेक्षा मुलींना तो हातात बघू दे. बुधवारी सकाळी कॅम्पात या आणि घेऊन जा. पानांना हात लावण्यापूर्वी हात धुवायला मात्र सांगा.